विष्ठेवरून प्राणी कसा ओळखायचा? परिसर अभ्यासाचा वर्गाबाहेरचा एक तास



शीर्षक वाचून नाक मुरडलंत ना? माझंही आधी तसंच झालं होतं. "शी" हा शब्द वर्गात कुणी उच्चारला तरी मुलं दहा मिनिटं हसत बसतात आणि आपण "गप्प बसा रे" म्हणून विषय बदलतो. पण याच विषयाने गेल्या दोन वर्षांत माझ्या मुलांना जेवढं निरीक्षण शिकवलं, तेवढं कुठल्याच तक्त्याने शिकवलं नाही. त्याची सुरुवात मात्र भीतीने झाली, म्हणून आधी तो प्रसंग सांगते.

आमची शाळा अहिल्यानगर जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात आहे. पटावर तेवीस मुलं. निम्मी मुलं वस्त्यांवरून, पाटाच्या कडेने, उसातल्या पायवाटेने चालत येतात. जानेवारीतल्या एका सोमवारी वर्गात फक्त नऊ मुलं होती. चौकशी केली तर कळलं, पायवाटेवर "बिबट्याची घाण" पडली आहे आणि वस्तीवरच्या लोकांनी मुलांना पाठवायचं नाही असं ठरवलं आहे. चौथीतली एक मुलगी सगळ्यात लांबून येते. तिच्या आजीने तर सांगून टाकलं, "आता शाळा नको न् काही नको. पोरगी जित्ती राह्यली म्हंजी झालं."

आजीचं काय चुकलं? आमच्या भागात बिबट्या आहे, हे खरंच आहे. मी भीती मोडीत काढायला गेले नाही. पण वाटेवर जे पडलंय ते नक्की कुणाचं, हे तरी बघावं म्हणून मधल्या सुट्टीत दोन पालकांना घेऊन गेले. वाटेच्या मधोमध एका दगडावर ती विष्ठा होती. काळपट, लांबट, अंगठ्याएवढी जाड. मी काडीने उकरलं. आत करडे केस दिसले. "बघा बाई, केस! म्हणजे वाघरूच," एक पालक म्हणाले. माझ्याही पोटात गोळा आला.

वनविभागाला फोन केला. संध्याकाळी वनरक्षक आले आणि त्यांनी आधी मलाच विचारलं, "बाई, हात लावला का?"

"नाही हो, काडीने उकरलं."

"आणि ती काडी?"

काडी मी जाताना शाळेत घेऊन गेले होते, मुलांना दाखवायला! मग मला जे ऐकून घ्यावं लागलं ते बरोबरच होतं. ते का, हे पुढे सांगते.

वनरक्षकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "केस दिसले तुम्हाला, पण बोराच्या बिया दिसल्या नाहीत?" खरंच की! उंदराच्या बारीक केसांच्या मध्ये पाच-सहा बोराच्या बिया आणि किड्यांच्या पाठीची चकचकीत टरफलं होती. बिबट्या पसाभर बोरं खात नाही. हा होता कोल्हा. उंदीर, किडे, बोरं, खेकडे, जे मिळेल ते खाणारा. आणि उंच दगडावर विष्ठा टाकणं हीही त्याची सवय.

पण जाताना त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते मी आजही वर्गात सांगते: "ही बिबट्याची नाही. पण म्हणून बिबट्याच नाही, असं समजू नका." पुराव्यातून जेवढं दिसतं तेवढंच बोलायचं. कमीही नाही, जास्तही नाही.

आधी आपली भाषा बघा

वर्गात मी सुरुवात शब्दांपासून केली. गाई-म्हशीचं काय? शेण. शेळीची? लेंडी. घोड्याची? लीद. पक्ष्याची? शिट. मुलांनी पटापट सांगितलं. मग विचारलं, हे वेगवेगळे शब्द का बरं झाले असतील? थोडा विचार करून तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ते दिसतंच येगळं येगळं."

अगदी बरोबर. ज्या लोकांचं आयुष्य जनावरांबरोबर गेलं त्यांनी विष्ठा बघून बघून हे शब्द घडवले. म्हणजे आपल्या मुलांना अर्धा धडा घरूनच येत असतो. आपल्याला फक्त "का?" जोडायचा आहे.

गाय आणि शेळी दोघी चाराच खातात, दोघी रवंथ करतात. मग एकीचं शेण पातळ आणि दुसरीच्या लेंड्या घट्ट का? शेळीचं मोठं आतडं विष्ठेतलं पाणी बरंच शोषून घेतं, म्हणून कोरड्या, सुट्या लेंड्या पडतात. गाईच्या विष्ठेत पाणी बरंच उरतं, म्हणून पो पडतो. पावसाळ्यात कोवळा, पाणीदार चारा खाल्ला की शेळीच्याही लेंड्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. हे मुलांनी पाहिलेलं असतंच, कारण आपण सांगितलं की कळतं.

पाच प्रश्न विचारायचे

वाटेत विष्ठा दिसली की आम्ही पाच प्रश्न विचारतो. क्रम हाच ठेवा.

१. आकार कसा आहे? गोळ्या-गोळ्या असतील तर बहुधा पाला-गवत खाणारा प्राणी. लांबट, मध्ये मध्ये आवळल्यासारखी, एका टोकाला निमुळती असेल तर बहुधा मांस खाणारा.

२. आत काय दिसतं? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. गवताचे धागे, बिया, केस, हाडांचे तुकडे, किड्यांचे पंख, खेकड्याचं कवच, माशाचे खवले. जे पचत नाही ते बाहेर येतं. केस आणि नखं ज्या पदार्थाची बनलेली असतात तो सस्तन प्राण्यांच्या पोटात सहसा पचत नाही, म्हणून शिकारी प्राण्याच्या विष्ठेत केस जसेच्या तसे सापडतात.

३. कुठे पडली आहे? वाटेच्या मधोमध, दगडावर, भिंतीवर, नदीकाठी, झाडाखाली? आपल्याला ती घाण वाटते, पण बऱ्याच प्राण्यांसाठी ती पाटी असते: "इथे मी राहतो." म्हणून ती मुद्दाम ठळक जागी टाकलेली असते.

४. किती जुनी आहे? ओलसर, चकचकीत, माश्या बसलेली असेल तर ताजी. वाळून भेगा पडल्या, रंग फिका झाला तर जुनी. पावसाने धुऊन कधी कधी नुसता केसांचा पुंजका उरतो.

५. आजूबाजूला काय आहे? पायाचे ठसे, माती खरवडल्याच्या खुणा, पडलेली फळं. कुत्रा-कोल्ह्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात बहुतेक वेळा नखं दिसत नाहीत.

एका प्रश्नाच्या उत्तरावर निकाल द्यायचा नाही. मी आणि तो पालक नेमके तिथेच चुकलो. "केस दिसले, म्हणजे बिबट्या." पाचही उत्तरं एकमेकांशी जुळली तरच नाव घ्यायचं. नाही जुळली, तर "माहीत नाही" असं वहीत लिहायचं. आमच्या वहीत अशी बरीच पानं आहेत.

कोण कसा ओळखायचा?

ससा: गोल, किंचित चपट्या, फिक्या रंगाच्या, कोरड्या गोळ्या. फोडल्या तर आत गवताचा नुसता भुसा. शेळीची लेंडी लांबट, काळी आणि तुळतुळीत असते, त्यामुळे फरक लगेच कळतो. आणखी एक गंमत: ससा आपली पहिली मऊ विष्ठा पुन्हा खातो, कारण तिच्यात बरंच पोषण शिल्लक असतं. आपल्याला दिसतात त्या दुसऱ्या फेरीच्या गोळ्या.

भेकर, चितळ, सांबर: शेळीसारख्याच लेंड्या, पण पुष्कळदा एका टोकाला बारीक चोच आणि दुसरं टोक बोथट. भेकराच्या लहान, सांबराच्या सगळ्यात मोठ्या.

नीलगाय (रोही): विदर्भातल्या शिक्षकांना चांगलीच माहीत असेल. ती पुन्हा पुन्हा एकाच जागी विष्ठा टाकते, त्यामुळे लेंड्यांचा ढीगच तयार होतो.

साळिंदर: लांबट, खजुराच्या बीसारख्या गोळ्या, कधी कधी मुळांच्या धाग्यांनी माळेसारख्या जोडलेल्या. जवळपास एखादा काटा सापडला तर शंकाच नको.

रानडुक्कर: एकमेकांना चिकटलेले गोळे. शेजारी जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असते.

गवा आणि हत्ती: गव्याचा पो म्हशीच्या शेणासारखा. हत्तीची लीद म्हणजे मोठाले गोळे, त्यात पानांचे, सालीचे तुकडे स्पष्ट दिसतात. हत्ती जे खातो त्यातलं निम्म्याहून कमी पचवतो, म्हणून लिदीतून बिया धडधाकट बाहेर येतात आणि जंगलात रुजतात.

उदमांजर: हे आपल्या शाळेच्या कौलांवरही राहत असेल! भिंतीवर, दगडावर, ओंडक्यावर नुसत्या बियांचा पुंजका दिसला तर उदमांजराचा संशय घ्या. जांभूळ, करवंद, उंबर, ज्या फळाचा हंगाम त्याच्या बिया. याच्या विष्ठेतून वेचलेल्या कॉफीच्या बिया जगात महागड्या विकल्या जातात हे सांगितलं की वर्गात एकच गलका होतो.

अस्वल: मोठा ढीग. हंगामाप्रमाणे बोर, जांभूळ, मोह यांचे अवशेष, नाहीतर वाळवी आणि मुंग्यांची डोकी.

पाणमांजर: नदीकाठच्या खडकावर, माशाच्या उग्र वासाची. आत माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे.

तरस: वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी. तरसाचे जबडे आणि पोट दोन्ही जबरदस्त, तो हाडंसुद्धा फोडून पचवतो. हाडांतला चुना विष्ठेत उतरतो आणि ती पांढरी पडते.

बिबट्या: लांबट, मण्यांसारखी तुकड्या-तुकड्यांची, एक टोक निमुळतं. आत भरपूर केस आणि हाडांचे तुकडे. बहुधा वाटेवर, आणि कधी कधी शेजारी मागच्या पायांनी माती खरवडल्याची खूण. वाघाची विष्ठा अशीच, पण मोठी, आणि तिच्यावरच्या आवळलेल्या जागा एकमेकींपासून जास्त लांब असतात.

गावातला कुत्रा: भाकरी-भातावर जगणाऱ्या कुत्र्याची विष्ठा पिठूळ असते, केस नसतात. पण तोच कुत्रा मेलेलं जनावर खाऊन आला तर केस सापडतात. म्हणूनच पाच प्रश्न.

आता एक छोटं कोडं वर्गात घाला. पालीची विष्ठा आणि उंदराची लेंडी यात फरक काय? पालीच्या काळ्या विष्ठेच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, उंदराच्या नसतो. तो पांढरा भाग म्हणजे पालीची लघवी! पाल आणि पक्षी पाणी वाचवण्यासाठी लघवी पातळ न करता पांढऱ्या लगद्यासारखी टाकतात. कावळ्या-चिमण्यांच्या शिटेतला पांढरा भागही तोच. म्हणजे तरसाच्या विष्ठेचा पांढरा हाडांमुळे आणि पालीचा लघवीमुळे. रंग एकच असला तरी कारणं दोन.

शास्त्रज्ञ विष्ठा का गोळा करतात?

"बाई, हे शिकून काय करायचं?" हा प्रश्न मुलं विचारणारच. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा केली. असे नमुने धुऊन त्यातले केस वेगळे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. प्रत्येक प्राण्याच्या केसाची आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी असते, तिच्यावरून बिबट्याने काय खाल्लं ते कळतं. बिबट्या अंग चाटतो तेव्हा त्याचे स्वतःचे केसही पोटात जातात. ते सापडले की विष्ठा बिबट्याचीच याची खात्री पटते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काय निघालं? वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या आहारात ८७ टक्के पाळीव प्राणी होते. त्यात सगळ्यात जास्त कोण? शेळी नाही. कुत्रा, ३९ टक्के! शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. कारण सोपं आहे. शेळ्या रात्री गोठ्यात बंद असतात आणि कुत्री मोकळी फिरतात.

कुणीही बिबट्याच्या मागे न धावता, त्याला न पकडता, नुसती विष्ठा तपासून हे कळलं. देशात दर चार वर्षांनी वाघांची गणना होते, तिच्यातही वनरक्षक ठरलेल्या वाटांवर चालत ठसे आणि विष्ठा यांच्या नोंदी करतात. आता तर विष्ठेतल्या डीएनएवरून नेमका कोणता वाघ, नर की मादी, हेही सांगता येतं.

आणि मग आमच्या शाळेत काय झालं

कोल्ह्याची विष्ठा कळल्यावर मुलं परत यायला लागली. चौथीतली ती मुलगी आठ दिवसांनी आली, तेही आजी स्वतः पोहोचवायला आली तेव्हा. आजीला मी दगडावरची बोरं दाखवली. ती म्हणाली, "कोल्हंच हाय. आमी ल्हान आस्ताना वळखायचो की. भ्यावानं इसरून गेले." मला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. हे ज्ञान गावात होतंच. मी आधी आजीलाच विचारायला हवं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण दीड-दोन महिन्यांनी, ऊसतोड चालू असताना, शाळेच्या मागच्या बांधावर पुन्हा विष्ठा दिसली. यावेळी मुलांनीच सांगितलं आणि कुणी जवळ गेलं नव्हतं. लांबट, तुकड्या-तुकड्यांची, केसांनी भरलेली. बिया नाहीत. शेजारी माती खरवडलेली. वनरक्षकांनी येऊन सांगितलं, "आता बिबट्या."

त्या रात्री मला झोप लागली नाही. अकोल्याचा तो अभ्यास डोक्यात फिरत होता. कुत्री जिथे, बिबट्या तिथे. मग आमच्या शाळेमागे कुत्री का असतात? उत्तर मलाच माहीत होतं. पोषण आहाराची उरलेली खिचडी रोज मागच्या बांधावर टाकली जायची. गावातली सात-आठ कुत्री दुपारपासून तिथेच पडून असायची. म्हणजे बिबट्याला शाळेमागे यायचं आमंत्रण आम्हीच देत होतो.

दुसऱ्याच दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. उरलेलं अन्न बांधावर टाकणं बंद केलं, झाकणाचा खतखड्डा केला. मागची झुडपं काढून जागा मोकळी केली. वस्तीवरची मुलं एकत्र, मोठ्याने बोलत, मोठ्या माणसाबरोबर येतील-जातील आणि अंधार पडायच्या आत घरी पोहोचतील असं ठरलं. हे सगळं आजही पाळतो. कुत्री हळूहळू पांगली. बिबट्या गेला का? मी तसं म्हणणार नाही. शाळेमागे त्याची खूण पुन्हा दिसलेली नाही, एवढंच सांगते.

घ्यायची काळजी

आता ती काडी. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत जंतांची आणि पट्टकृमींची अंडी असू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला लागून तोंडात गेली तर माणसाला आजार होतो. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांमधून येणाऱ्या एका पट्टकृमीमुळे यकृतात पाण्याच्या गाठी होतात. म्हणून आमचे नियम:

- मुलांनी फक्त बघायचं. हात लावायचा नाही, उकरायचं नाही, जवळ जाऊन वास घ्यायचा नाही.
- शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून मोठ्या माणसाने फोटो काढायचा. ती पट्टी नंतर साबणाने धुवायची.
- परत आल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.
- नमुना शाळेत आणायचा नाही. (काडीसुद्धा नाही!)
- शिकारी प्राण्याची ताजी विष्ठा वाटली तर तिथे थांबायचं नाही. मुलांना परत फिरवायचं आणि वनविभागाला कळवायचं. त्यांचा मदत क्रमांक १९२६ शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

वर्गात करून बघा

१. घरच्या गाय, शेळी, कोंबडी, पाल, उंदीर यांच्यापासून सुरुवात करा. जंगलात जायची गरज नाही. मुलांनी लांबून बघून वहीत चित्र काढायचं आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची.

२. माती किंवा कणकेचे नमुने करा. त्यात बिया, नारळाच्या शेंडीचे धागे, अंड्याच्या कवचाचे तुकडे घाला आणि "हा कोण?" असा खेळ घ्या. बिनधोक हाताळता येतात आणि मुलं हसत हसत शिकतात.

३. आजी-आजोबांना शाळेत बोलवा. मेंढपाळ, ऊसतोड कामगार, गुराखी यांना जे दिसतं ते आपल्या पुस्तकात नसतं.

४. वर्षभराची एक "खुणांची वही" ठेवा: तारीख, जागा, काय दिसलं, कुणाचं असावं, आणि खात्री किती.

आमच्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी त्या चौथीतल्या मुलीच्या आहेत. आता ती पाचवीत आहे. सगळ्यात लांबून चालत येते, म्हणून तिला सगळ्यात जास्त दिसतं. परवा तिने लिहिलं होतं: "पाटाजवळ. लांबट. केस आहेत. बिया नाहीत. ठशात नखं आहेत. खात्री नाही. लांबूनच पाहिलं, आजीबरोबर होते."

मी शेजारी बरोबरची खूण केली. यापेक्षा चांगलं उत्तर मलाही लिहिता आलं नसतं.